सुई तेवढीच राहते

माझं पहिलं इवलंसं पुस्तक मिटलंच नाही. ए-४ कागदाचे पाच वेळा निम्मे केले होते. ३७ बाय ५२ मिलिमीटरची, काडेपेटीएवढी ३२ पानं झाली. ती शिवली, पुठ्ठा चढवला, वर लाल खादीचं कापड डकवलं आणि रात्रभर मोल्सवर्थच्या कोशाखाली दाबून ठेवलं. सकाळी कोश उचलला आणि पुस्तकानं आ वासला. दाबलं की मिटायचं, सोडलं की पुन्हा उघडायचं. शेवटी त्याला रबरबँड लावला आणि आमच्या भागातल्या एका जुन्या बाइंडरकाकांकडे घेऊन गेले.

व्यापाऱ्यांच्या रोजकिर्दी आणि खतावण्या बांधण्यात काकांची हयात गेलेली. माझ्या पुस्तकाकडे बघून ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. एक पान त्यांनी उभं वाकवलं, मग आडवं वाकवलं आणि म्हणाले, "ताई, कागदाचा कल चुकलाय. हेच बाडासारखं शिवलं असतंत तर गप मिटलं असतं."

यंत्रावर कागद तयार होताना ओला लगदा एकाच दिशेनं वाहतो, आणि त्यातले तंतू बहुतेक त्या वाहण्याच्या दिशेनं आडवे होतात. ती दिशा म्हणजे कागदाचा कल. त्या दिशेला समांतर घडी घातली की कागद मुकाट्यानं वाकतो, विरुद्ध घातली की कुरकुरतो आणि परत सरळ व्हायला बघतो. म्हणून पुस्तकाची पाठ नेहमी कलाला समांतर हवी. बाजारातल्या ए-४ कागदाचा कल बहुतेक वेळा लांबीच्या दिशेनं असतो. त्याचे निम्मे करत गेलं की दर खेपेला लांब बाजू आणि आखूड बाजू यांची अदलाबदल होते, कल मात्र जागचा हलत नाही. म्हणजे ए-६, ए-८, ए-१० या मापांत उभं पुस्तक कलाला धरून होतं; ए-५, ए-७, ए-९ मध्ये कलाच्या विरुद्ध. मी नेमका पाचव्या निम्म्यावर, ए-९ वर थांबले होते. ए-५ ची वही कलाविरुद्ध शिवली तरी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, कारण एवढं मोठं पान स्वतःच्या वजनानंच लवतं. काडेपेटीएवढ्या पानाला तेवढं वजनच नसतं.

आणि बाड? रामदासी, कीर्तनकार आणि शाहीर यांच्या संग्रहांतली ती लांबट हस्तलिखितं आखूड बाजूवर शिवलेली असत आणि खालून वर उलटत. माझ्या ए-९ पानांची पाठ आखूड बाजूला घेतली की ती आपोआप कलाला समांतर पडते. काकांनी कागद फक्त नव्वद अंशांत फिरवायला सांगितला होता. जुन्या बाडांना तो आकार कलामुळे आला असं मात्र समजू नका. तो कागद हातचा. चौकटीच्या जाळीवर उचललेल्या लगद्यात तंतू वाटेल तसे पसरतात, त्यामुळे हातकागदाला कल असा जवळजवळ नसतोच. माझ्या बाबतीत ते जुळून आलं, इतकंच.

इवली पुस्तकं हातानं करायला शिकवणाऱ्या या पुस्तकाचा जन्म त्या रबरबँडपाशी झाला. तोवर माझी अशी समजूत होती की लहान पुस्तक म्हणजे मोठं पुस्तक, फक्त लहान केलेलं. ती साफ चुकीची निघाली. पुस्तकाची लांबी-रुंदी आपल्या हातात असते. कागदाची जाडी, दोऱ्याची जाडी, खळीचा ओलावा, सुईचं नेढं, आपलं बोट आणि आपली नजर यांतलं काहीच आपल्यासाठी लहान होत नाही. या न आकसणाऱ्या वस्तूंशी करायची घासाघीस, हीच या कलेची खरी बाब आहे. बाकी सगळं नेहमीचं बाइंडिंग.

कागदाचंच बघा. नेहमीच्या पुस्तकाचं पान साधारण १४० मिलिमीटर रुंद असतं. आपण ते ३५ मिलिमीटरचं केलं, म्हणजे एक चतुर्थांश. एका बाजूनं धरलेलं पान स्वतःच्या वजनानं लांबीच्या मानानं किती लवेल हे त्याच्या लांबीच्या घनावर आणि जाडीच्या वर्गावर ठरतं. म्हणजे हे छोटं पान रुंदीच्या मानानं चौसष्ट पटींनी कमी लवतं. मोठ्या पुस्तकाच्या पानासारखं ते अलगद पडावं असं वाटत असेल तर कागद आठपट पातळ हवा. साध्या छपाईच्या कागदाची जाडी असते सुमारे ०.१ मिलिमीटर, आपल्याला लागेल ०.०१२. पतंगाचा कागदही त्याहून जाड असतो. तेव्हा हा हट्ट सोडायचा. इवल्या पुस्तकाची पानं पडत नाहीत, उभी राहतात, हे मान्य करायचं आणि मग निदान कल तरी चुकवायचा नाही. ७५ किंवा ८० जीएसएमच्या कागदाऐवजी ५० चा मिळाला तर घ्यायचा. मिळाला नाही तर पानं कमी करायची.

दोऱ्याची गोष्ट याहून गमतीची आहे. एका ए-४ कागदाचे सहा वेळा निम्मे केले की ए-१० ची ६४ पानं होतात, म्हणजे २६ बाय ३७ मिलिमीटरची १२८ पृष्ठं. एका कागदात अख्खं पुस्तक! पानांची जाडी भरते जेमतेम साडेसहा मिलिमीटर. आता ही पानं शिवायची कशी? एकात एक घातलेल्या दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्याला आपले बाइंडर 'जुज' म्हणतात आणि असे जुज एकमेकांना शिवून घेण्याला जुजबंदी. (मूळ अरबी शब्दाचा अर्थ भाग, अंश, आपला 'जुजबी' त्याच घरातला.) चार-चार पानांचे सोळा जुज केले तर सोळा घड्यांत सोळा वेळा दोरा जातो. दोरा ०.३ मिलिमीटरचा धरला तरी पाठीशी जवळजवळ पाच मिलिमीटरची भर पडते. समोरची कड साडेसहा आणि पाठ अकरा! पुस्तक कसलं, पाचरच ती. मोठ्या पुस्तकात हाच दोरा कुठच्या कुठे जिरतो. मग आठ-आठ पानांचे आठ जुज करावेत, तर आतली पानं बाहेरच्यांच्या पुढे सरकतात. अर्धा मिलिमीटर समास इकडचा तिकडे झाला तरी २६ मिलिमीटरच्या पानात तो डोळ्यांत भरतो. मधला मार्ग म्हणजे रेशमाचा एकपदरी दोरा, त्यावर किंचित मेण, आणि शिवून झाल्यावर पाठीवर हलक्या हातानं ठोकणं. यावर मी एक पूर्ण प्रकरण खर्ची घातलं आहे. वाचकांना ते जास्त वाटेल. मला ते अजून कमीच वाटतं.

इतका उपद्व्याप माणसं करतात कशासाठी? या प्रश्नाचं मला पटलेलं पहिलं उत्तर यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावच्या एका घरात आहे. जून १८२६ मध्ये तिथले पाद्री पॅट्रिक ब्राँटे लीड्सहून घरी परतले ते मुलगा ब्रॅनवेलसाठी बारा लाकडी सैनिकांची पेटी घेऊन. मुलांनी सैनिक वाटून घेतले. त्याची बहीण शार्लट हिनं आपल्या सैनिकाला ड्यूक ऑफ वेलिंग्टन केलं, ब्रॅनवेलनं आपल्या सैनिकाला बोनापार्ट. सैनिकांना देश मिळाला, राजधानी मिळाली, राजकारण मिळालं. मग एवढ्या मोठ्या देशाला नियतकालिक नको? घरात एडिंबराचं 'ब्लॅकवुड्स' मासिक वाचलं जायचं. त्याच्या धर्तीवर १८२९ मध्ये ब्रॅनवेलनं मासिक काढलं आणि काही महिन्यांत शार्लटनं त्याचं संपादन आपल्याकडे घेतलं. अनुक्रमणिका, कथा, कविता, जाहिराती, सगळं साग्रसंगीत. आकार मात्र सैनिकांच्या हाताला शोभेल असा. १८३० च्या 'यंग मेन्स मॅगझिन'च्या दुसऱ्या अंकाचं माप ३५ बाय ६१ मिलिमीटर आहे, पृष्ठं २० आणि शब्द चार हजारांहून जास्त.

मी हे गणित मांडून बघितलं. पृष्ठाला दोनशे शब्द! माझ्या ए-१० च्या पृष्ठावर, ०.१ मिलिमीटर टोकाचं पेन घेऊन, जीव मुठीत धरून लिहिलं तरी चाळीस शब्द बसतात. कागदाच्या क्षेत्रफळाच्या हिशेबानं पाहिलं तरी ही तेरा-चौदा वर्षांची मुलगी माझ्या दुपटीहून जास्त मजकूर बसवत होती, तोही टाक शाईत बुडवून. अक्षर छापील ठशासारखं. तिची नजर अधू होती, लांबचं दिसायचं नाही. ऱ्हस्वदृष्टीच्या माणसाला नाकाशी धरलेलं बारीक अक्षर मात्र लख्ख दिसतं, याची तिला मदतच झाली असेल असं मला वाटतं. कागदही फुकट घालवण्यासारखा स्वस्त नव्हता, इंग्लंडात कागदावरचा कर १८६१ पर्यंत होता. त्यामुळे मुलांनी हाताला लागतील ते कपटे वापरले आणि मुखपृष्ठांना पुड्यांचे जाड कागद लावले.

डिसेंबर १८२९ मधलं तिचं कवितांचं पुस्तक तर मला फार आवडतं. दहा कविता, पत्त्याच्या पानापेक्षा लहान आकार, आणि शीर्षकातच यमकांसाठीच्या इंग्रजी शब्दाचं चुकीचं स्पेलिंग. हे पुस्तक कोणी विकत नाही आणि छापलं आहे तिनं स्वतःच, असा खुलासाही तिनं शीर्षकासोबत करून ठेवला आहे. न विकलं जाणारं हे पुस्तक २०२२ मध्ये साडेबारा लाख डॉलरला विकलं गेलं आणि देणगी म्हणून हॉवर्थच्या संग्रहालयात परतलं. त्याआधी २०१९ मध्ये वर सांगितलेला मासिकाचा अंक याच संग्रहालयानं पॅरिसच्या लिलावात सहा लाख युरोंना घेतला होता. किमती बाजूला ठेवू. लक्षात ठेवायचं ते असं की हे पुस्तक लहान होतं कारण त्याचा वाचक लहान होता. आकाराला कारण होतं.

कारण असलेल्या लहानपणाचं दुसरं उदाहरण राजेशाही आहे. क्वीन मेरी यांच्यासाठी १९२१ ते १९२४ या काळात एक बाहुलीघर बांधलं गेलं. वास्तुविशारद एडविन ल्युटेन्स, म्हणजे तेच, जे त्याच सुमाराला दिल्लीत व्हॉइसरॉयचं घर उभारत होते. प्रमाण एकास बारा, त्यामुळे ग्रंथालयातलं पुस्तकही मूळच्या बाराव्या हिश्श्याचं. लेखकांना कोरी चिमुकली पुस्तकं पाठवून स्वहस्ते काही लिहून देण्याची विनंती झाली. आर्थर कॉनन डॉयल यांनी होम्स-वॉटसनची एक छोटीशी गोष्ट लिहून दिली, किपलिंग आणि हार्डी यांनीही लिहिलं. बर्नार्ड शॉ यांनी नकार दिला. (शॉ यांनी होकार दिला असता तरच बातमी झाली असती.) हे घर आता विंडसर कॅसलमध्ये आहे. मला त्यातली शिस्त आवडते. माणसाच्या सोयीसाठी पुस्तक जरासुद्धा मोठं केलेलं नाही.

पण सगळीच इवली पुस्तकं वाचायला केलेली नसतात. ग्लासगोचे प्रकाशक डेव्हिड ब्राइस यांनी विसाव्या शतकाच्या तोंडाशी बोटाच्या पेरावर मावेल असं कुराण काढलं. मोठ्या प्रतीवरून छायाचित्रानं लहान केलेलं, धातूच्या डबीत घातलेलं आणि डबीच्या झाकणातच भिंग बसवलेलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूनं लढणाऱ्या मुस्लिम सैनिकांच्या अंगावर अशी कुराणं होती. टी. ई. लॉरेन्स यांच्या 'सेव्हन पिलर्स ऑफ विज्डम'मध्ये औदा अबू तायी या अरब सरदाराची हकीकत येते. त्यानं तेरा वर्षांपूर्वी १२० पौंड मोजून ताइताचं कुराण घेतलं आणि तेव्हापासून त्याला जखम झाली नाही. ते ग्लासगोचं, अठरा पेन्सांचं होतं. हिशेब केला तर सोळाशे पट किंमत. औदाला हसण्याची हिंमत अर्थातच कोणी केली नाही, आणि मीही करणार नाही. त्याला पुस्तक वाचायचं नव्हतं, ते अंगावर असायला हवं होतं. आपल्याकडे गोरखपूरच्या गीता प्रेसची ताबीजी गीता याच जातीची. वारीत खिशाखिशांतून दिसणारा हरिपाठ मात्र दुसऱ्या जातीचा. तो लहान आहे तो सोबत नेऊन म्हणण्यासाठी, आणि म्हणून त्यातला टाइप पिशवीत चष्मा विसरलेल्या माणसाच्या मानानं ठरलेला असतो. गुटका या शब्दालाही पूर्वी छोटेखानी जाडसर पुस्तकाचा मान होता. शीख घरांत तो अजून आहे. आपण त्याची पुडी केली.

अमेरिकेतल्या संग्राहकांच्या व्याख्येनुसार तीन इंचांपेक्षा, म्हणजे ७६ मिलिमीटरपेक्षा मोठं नसलेलं ते लघुपुस्तक. ए-८ पान तिच्यात जेमतेम बसतं. वरची मर्यादा आहे. खालची कोणी घातलेली नाही, आणि तिथेच घोटाळा होतो. २००७ मध्ये कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ०.०७ बाय ०.१० मिलिमीटरचं एक पुस्तक आयनांच्या झोतानं कोरण्यात आलं. ते वाचायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. तंत्र म्हणून थोर आहे. पण ज्याचं पान उलटता येत नाही त्याला पुस्तक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तांदळावर नाव लिहून देणाऱ्यांबद्दल मला जेवढा आदर आहे तेवढा याहीबद्दल आहे, त्याहून जास्त नाही. या पुस्तकातलं सर्वांत लहान पुस्तक ए-१० चं आहे. त्याखाली मी उतरलेले नाही.

त्याला देवनागरीचंही कारण आहे. रोमन अक्षर लहान करत गेलं की ते फक्त लहान होतं. आपल्या अक्षराला डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार. वर पुन्हा जोडाक्षरं. अक्षराची उंची दीड मिलिमीटरच्या खाली गेली की पहिल्यांदा 'ष'चं पोट भरतं, मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. म्हणून ओळींमधलं अंतर कमी करण्याचा मोह टाळायचा; अक्षर लहान करा, अंतर नको. मी तीन मिलिमीटरला एक ओळ धरते. पृष्ठावर दहा ओळी, ओळीत चार शब्द. शिरोरेषा आधी पेन्सिलीनं आखून अक्षरं तिला टांगावीत. आधी अक्षरं लिहून मग त्यांच्यावर रेघ ओढली तर ओळ नागमोडी जाते. हे मला वर्षभर कळलं नव्हतं. मजकूर काय घ्यावा याबद्दल मी कोणाला सांगणार नाही, पण आजीच्या लोणच्याची कृती, गावाकडच्या झाडांची नावं, मुलानं केलेले शब्दांचे घोटाळे असल्या गोष्टी चाळीस शब्दांच्या पृष्ठात छान बसतात. कादंबरी बसत नाही.

सामानाची यादी पुढे आहे, पण बाजारात धावण्यापूर्वी एक ऐका. घरात जे आहे त्यावर पहिली चार पुस्तकं होतात. पोलादी पट्टी, नव्या पात्याचा कटर, बारीक सुई, भोकं पाडायला आरी (चांभाराची नको, ती भोकाचं भगदाड करते, जाड सुई लाकडी मुठीत बसवून घ्या) आणि घडी घोटायला काहीतरी गुळगुळीत. चमच्याची पाठही चालते. मिठाईचा खोका हा पुठ्ठ्याचा उत्तम पुरवठादार आहे. खळ मैद्याची, घरी शिजवलेली. ती पारदर्शक दिसेपर्यंत ढवळायची आणि गार झाल्यावरच लावायची. बाइंडर तिच्यात किडीसाठी मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे. मुलं शेजारी बसणार असतील तर घालू नका. खळ दोन दिवसांत आंबली तर दुसरी शिजवा. फेविकॉल लवकर वाळतं, त्यामुळे एवढ्याशा कडा नीट बसवायला उसंत मिळत नाही. थोड्या खळीत थोडं फेविकॉल मिसळलं की उसंतही मिळते आणि पकडही. खळ कमी लावा. मोठ्या पुस्तकाला सोसणारं पाणी या पानांना सोसत नाही. ती फुगतात आणि मग पुठ्ठ्याला बाक येतो.

पहिल्या प्रकरणात एक कागद, एक काप आणि आठ पृष्ठं आहेत. सुई नाही, खळ नाही. शेवटच्यात १२८ पृष्ठांची जुजबंदी आहे. मधे बाड आहे, मोडीपत्रासारखी गुंडाळी आहे, एका लांब पट्टीच्या घड्यांचं पुस्तक आहे. क्रमानं जावं असं माझं मत. पण शाळेतल्या मुलांबरोबर मी जेव्हा जेव्हा हे केलं तेव्हा ती तडक शेवटच्या प्रकरणावर गेली आणि त्यांपैकी बऱ्याच जणांची पुस्तकं पूर्णही झाली. मोठी माणसं पहिल्या कापालाच विचारतात, "याचा उपयोग काय?" त्यांना मी शेवटचं प्रकरण अजून दाखवलेलं नाही.

हे पुस्तक स्वतः मात्र नेहमीच्या डेमी आकारात आहे, कारण कृती वाचताना दोन्ही हात गुंतलेले असतात आणि ते टेबलावर उघडं पडून राहायला हवं. त्याचा कल बरोबर आहे, मी खात्री करून घेतली आहे. काका आता नाहीत. त्यांना दाखवलेलं ते पहिलं पुस्तक तिसऱ्या प्रकरणातल्या छायाचित्रात आहे, रबरबँडसकट.